फळ्यावर आलंय म्हणे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, शाळेतल्या फळ्यांना निदान उन्हाळ्याची सुट्टी तरी असते. मी नाक्यावरचा. बाळकुमच्या जुन्या गावात गावदेवीच्या देवळाकडे रस्ता वळतो ना, तिथे चहाच्या टपरीसमोर दोन लोखंडी खांबांवर मला ठोकून ठेवलंय. ऊन, धूळ, सिमेंटच्या गाड्यांचा धूर, जे येईल ते खात उभा असतो. मागचे टॉवर इतके वर गेलेत की दुपार कलायच्या आतच माझ्यावर सावली पडते. तुम्ही म्हणाल, लाकडाला कसला आलाय थकवा? बाबांनो, येतो.

माझा जन्म एका होडीतून झाला. खाडीवर मिठागरं होती तेव्हा त्या होडीतून मीठ जायचं. मिठागरं बंद पडली, होडी चिखलात रुतून बसली, आणि गावाने ठरवलं की तिच्या सागवानाचं काहीतरी करायचं. काळुराम सुताराने रंधा मारून फळ्या जोडल्या. पोरांनी जुन्या सेलमधला कोळसा कुटला, त्यात पाल्याचा रस घातला आणि मला घासून घासून काळा केला. बायकांनी नारळ फोडला. मग सगळे उत्सुकतेने उभे राहिले, आणि माझ्यावर पहिलं वाक्य लिहिलं गेलं, ‘उद्या पाणी येणार नाही.’ एवढ्या थाटाने जन्मलो आणि पहिलीच बातमी ही. पण खरी होती. दुसऱ्या दिवशी खरंच पाणी आलं नाही.

लिहिणारा होता गोपीनाथ पाटील. तेव्हा तरणाबांड होता, कोलशेतच्या एका कारखान्यात कामाला. पाळीवर जायच्या आधी सायकल टेकवायचा, ओल्या फडक्याने मला पुसायचा आणि लिहायला लागायचा. अक्षर मोत्यासारखं. कुणाच्या घरी हळद, कुणाचं दहावं, कुठल्या पोराला बोर्डात किती टक्के, कुठला पुढारी येणार आणि आला नाही तर का नाही आला, सगळं माझ्यावर. दोन पक्षांची माणसं माझ्याखाली उभी राहून एकमेकांच्या अंगावर धावून जायची, घसे फोडायची आणि शेवटी एकाच टपरीवर अर्धा अर्धा चहा घ्यायची. गावात एक बोलणं पडलं होतं, ‘फळ्यावर आलंय ना? मग संपलं.’ खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगायची.

गोपीनाथची एक खास पद्धत होती. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. गावात एखादी कंडी पिकली की तो ती लपवायचा नाही. उलट सकाळी पांढऱ्या खडूने, मोठ्या अक्षरात, तीच माझ्या डोक्यावर लिहायचा. ‘खाडीत मगर आली म्हणे!’ मग खडू खिशात टाकून चहाला जायचा. तोवर खाली माणसं जमायची. मी पाहिली, माझ्या मेव्हण्याने पाहिली, असं चालायचं. चहा संपवून गोपीनाथ सावकाश यायचा आणि खाली लाल खडूने लिहायचा, ‘साफ खोटं. ओंडका आहे. मी स्वतः जाऊन पाहिला.’ आणि खाली सही. मेव्हणेवाल्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

“कंडी अंधारात ठेवली तर ती वाढते,” गोपीनाथ म्हणायचा. “तिला नाक्यावर आणून बसवायची, मग तिचा कान धरायचा.”

वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं. गोपीनाथ निवृत्त झाला, डोक्यावरचे केस गेले, पण लिहिणं सुटलं नाही. माझ्याकडे बघणारे मात्र कमी झाले. माणसं नाक्यावर यायची, पण माना खाली घालून. हातातल्या फोनमध्ये सगळ्या जगाच्या बातम्या, मग माझ्यावरची पाण्याची बातमी कोण वाचतो? बातम्या तरी कसल्या! सकाळी एक जण ओरडणार की अमका धर्म बुडाला, दुपारी दुसरा म्हणणार तमका पक्ष देश विकतोय, संध्याकाळी तिसरा सांगणार की आता यंत्रंच सगळं करणार, माणसाची गरज संपली. आणि भांडणाची रीतच बदलली हो. शेजारी शेजारी उभे राहून फोनमध्ये एकमेकांची आईबहीण काढायची आणि तोंडाने विचारायचं, “काय रे, जेवलास का?” ते बघून बघून मी दमलो.

मग गोपीनाथच्या पुतण्याला, नयनला, एक कल्पना सुचली. नयन ठाण्यात एका ऑफिसात काम करतो. त्याने ‘बाळकुम नाका’ नावाचा ग्रुप काढला. रोज सकाळी काकाचं लिहून झालं की माझा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. बघता बघता टॉवरमधली माणसंही ग्रुपात आली. बातम्या कमी नव्हत्या त्यांना, पण हाताने लिहिलेला फळा म्हणजे त्यांना मोठी मौज. ‘काय सुंदर अक्षर!’ ‘हे आहे खरं गाव!’ नयन माझ्याखाली उभा राहून वाचून दाखवायचा आणि गोपीनाथ टपरीवरून हसायचा. मलाही वाटलं, चला, म्हातारपणी दिवस पालटले.

आता शकूबद्दल सांगतो. शकूबाई म्हात्रे, गोपीनाथची शेजारीण, वयाने त्याच्याहून थोडी लहान. सख्खी नव्हे, पण त्याला दादूस म्हणते, भाऊबीजेला ओवाळते. कपाळावर हिरवं गोंदण, गुडघे गेलेले, तोंड फाटकं पण मन साखरेसारखं. चैत्रातल्या जत्रेला गावदेवीला साडी नेसवायचा मान तिच्या घराचा. सासूने तिच्या हातात दिला आणि नवरा गेल्यावरही गावाने तो काढून घेतला नाही. वर्षभर देवीला ज्या साड्या येतात त्या शकूच सांभाळते. गावात मूल जन्मलं की त्याचं पहिलं पांघरूण देवीच्या साडीचं, ही इथली जुनी रीत. जत्रा जवळ आली की शकू त्या साड्यांचं गाठोडं रिक्षात घालून ढोकाळीला एका बाईकडे गोधड्या शिवायला नेते. दुसरं काय आहे त्या बाईच्या आयुष्यात? एक देवी आणि एक तो मान.

यंदा ते गाठोडं कुणीतरी पाहिलं. बाळकुमात नवीन असावं. टपरीवर कुजबुज झाली की देवीच्या साड्या बाजारात जातात. गोपीनाथच्या कानावर आली. तो संतापला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे, पांढऱ्या खडूने, मोठ्या अक्षरात माझ्यावर लिहिलं, ‘शकूबाई देवीच्या साड्या ठाण्याच्या बाजारात विकते म्हणे!’ आणि खडू खिशात टाकून चहाला गेला.

एरवी नयन काकाचा चहा होईपर्यंत थांबतो. त्या दिवशी त्याला ऑफिसात लवकर बोलावलं होतं. बाइक चालूच ठेवून तो धावत आला, फोन वर केला, फोटो घेतला, ग्रुपवर टाकला आणि गेला. एवढंच झालं, मित्रांनो. कुणाच्या मनात पाप नव्हतं. थोड्याच वेळात गोपीनाथने येऊन खाली लाल खडूने लिहिलं, ‘साफ खोटं. साड्या गोधड्यांसाठी जातात. शंका असेल त्याने शकूबाईच्या घरी जाऊन पाहावं. गोपीनाथ पाटील.’ पण ती लाल ओळ नाक्यावरच राहिली. पांढरी ओळ केव्हाच गावाबाहेर गेली होती. नयन ऑफिसात, फोन बंद ठेवून बसलेला.

मी सगळं ऐकत होतो. संध्याकाळपर्यंत माझ्याखाली एकेक जण येऊन मोठमोठ्याने वाचत होता. देवाच्या वस्तूवर डल्ला, असं कुणी लिहिलेलं. देवळाच्या समितीवर अमक्या पक्षाची माणसं आहेत, त्यांनीच हे पोसलं, असं दुसऱ्याचं. तिसऱ्याला वेगळंच सुचलं, साड्या कुठल्या धर्माच्या दुकानात जातात ते आधी तपासा. झालं, शकू बाजूला राहिली आणि सगळा देश त्या ग्रुपात भांडायला उतरला. हर्षित नावाच्या एका कॉलेजातल्या पोराने तर गंमत म्हणून ॲपकडून चित्र बनवून घेतलं. दुकानाच्या गल्ल्यावर म्हातारी बसलीय, मागे साड्यांचे ढीग. त्या म्हातारीच्या कपाळावर गोंदण नव्हतं. पण ज्यांनी शकूला कधी पाहिलंच नाही त्यांना काय कळणार? ते म्हणाले, घ्या, आता पुरावाही आला.

नयन परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने घाईघाईने लाल ओळीसकट माझा पूर्ण फोटो घेऊन ग्रुपवर टाकला, खाली माफी लिहिली. दोघा-तिघांनी अंगठ्याचं चित्र टाकलं, बाकीचे पुढच्या भांडणाला लागलेले.

“काका, सॉरी यार. मी घाईत होतो. तुम्ही खाली लिहिणार हे माहीत होतं मला, तरी टाकला.”

“ते मशीन काय म्हणतंय?” गोपीनाथने विचारलं. त्याचा फोन साधा, बटणांचा. “तुम्ही त्याला सगळं विचारता ना? मग हे खरं का खोटं, विचार.”

नयनने फोनमधल्या एआय ॲपला विचारलं. उत्तर वाचलं आणि फोन खिशात घालायला लागला.

“बोल की.”

“तो म्हणतो, स्थानिक वार्ताफलकावर तसं लिहिलेलं आहे.”

गोपीनाथ माझ्याकडे बघत राहिला. “म्हणजे माझ्याच तोंडून,” तो म्हणाला आणि बाकड्यावर बसला. आयुष्यभर ज्या अक्षराचं कौतुक झालं, तेच अक्षर पुरावा म्हणून फिरत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपल्यावर काही लिहूच नये कुणी.

जत्रा तोंडावर आली. महेंद्र हा देवळाच्या समितीचा अध्यक्ष. वाईट माणूस नाही, पण वारा वाहील तशी पाठ फिरवणारा. शकूला तो लहानपणापासून ओळखतो. त्याच्या मुलीचं पहिलं पांघरूणही शकूनेच दिलेलं. पण ग्रुपावर रोज राडा चालला होता आणि कुणालाही दुखवायची त्याची तयारी नव्हती. म्हणून त्याने तिथेच एक पोल टाकला, ‘यंदा देवीला साडी शकूबाईंनी नेसवावी का? होय किंवा नाही.’

गोपीनाथने त्याला माझ्यासमोरच गाठलं.

“महेंद्र, तिच्या सासूकडून आलेला मान आहे तो. मानाचं कधी मतदान असतं का रे?”

“काका, लोकशाही आहे. भांडण नको म्हणून तर पोल टाकला. लोक ठरवतील.”

“कुठले लोक? तिला बघितलंय का त्यांनी?”

“आता ते ग्रुपात आहेत ना, काका. मग त्यांना पण मत आहे.” असं म्हणून महेंद्र फोन कानाला लावून निघून गेला.

शकूला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या ग्रुपात नव्हत्या. त्यांच्यातल्या सखुबाईच्या हातात तर फोनच नाही. ती बिचारी नाक्यावर येऊन विचारत होती की मत द्यायला शाळेत जायचं का. ज्यांना शकू ठाऊक होती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी विचार केला, कशाला उगाच कुणाच्या तोंडी लागा, आणि काहीच दाबलं नाही. ‘नाही’ची बाजू जिंकली. महेंद्रने हात जोडल्याचं चित्र टाकून कळवलं की यंदा साडी त्याची वहिनी अमृता नेसवेल, सर्वांनी सहकार्य करावं.

त्यानंतर गोपीनाथला काही सुचेना. रोज सकाळी येऊन तो मला पुसायचा आणि लिहायचा, ‘शकूबाईने साड्या विकलेल्या नाहीत.’ आता वर पांढरी ओळ नाही, चहाची वाट नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नयन रोज इमानदारीने फोटो टाकत होता. पाणी नाही, हळद नाही, दहावं नाही, माझ्यावर फक्त तेवढं एक वाक्य. खडू दाबून दाबून लिहायचा तो. माझ्या फळ्यांना चरे पडले.

जत्रेच्या आदल्या दिवशी शकू स्वतः नाक्यावर आली. इतके दिवस घराबाहेर पडली नव्हती. माझ्यासमोर उभी राहिली, अक्षर लावून लावून वाचलं.

“दादूस, यो काय लिवलंस?”

“तुझी बाजू मांडतोय, शकू.”

“रोज लिवतंस, शकूनं देवीच्या साऱ्या इकल्या नाय, इकल्या नाय. पोरी मना रस्त्यात इचारतान, आजी, काय नाय इकलंस? ज्यांना ठाव नव्हता त्यांनापन ठाव झाला.” तिचा आवाज चढला नव्हता. दमलेली होती. “पूस माझं नाव.”

“पुसलं तर खरं कोण सांगणार?”

“देवीला ठाव हाय. तुना ठाव हाय. बास झाला मना.”

गोपीनाथ फडकं शोधायला लागला. ते टपरीवर राहिलं होतं. मग त्याने तळहातानेच पुसलं, एक एक अक्षर. शकू शेवटचं अक्षर जाईपर्यंत थांबली आणि पदर सावरून निघून गेली. मित्रांनो, मला डोळे नाहीत म्हणून बरं. असते तर त्या दिवशी वाहिले असते.

दुसऱ्या दिवशी जत्रा. देवळापासून रांग माझ्या खालून जाते ती थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. मी कोराच होतो. गोपीनाथ नुसता येऊन माझ्या खांबाला टेकून उभा राहिला होता. चैत्रातलं ऊन, हातात ओटीची ताटं, बायका पदराने वारा घेत होत्या. आणि त्या रांगेत मला शकू दिसली. जन्मभर जी मागच्या दाराने गाभाऱ्यात गेली, ती नारळ आणि खण घेऊन सगळ्यांसारखी रांगेत उभी होती. गावातल्या दोघी-तिघींनी तिला पाहिलं आणि माना वळवल्या. लाजेने वळवल्या असतील, पण वळवल्या.

शकूच्या मागे टॉवरमधली एक तरुण बाई होती. तिची मैत्रीण लांबून ‘दर्शना, दर्शना’ करत होती म्हणून मला नाव कळलं. मोठ्या मनाची वाटली. शकूचे गुडघे थरथरताना बघून तिने तिच्या हातातली पिशवी घेतली, आपली पाण्याची बाटली पुढे केली.

“काकू, जरा सावलीत उभ्या राहा, मी तुमची जागा धरते. एकट्याच आलात?”

“एकलीच,” शकू म्हणाली. “तू कुठली, पोरी?”

“आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. इथे येऊन दोन वर्षं झाली. पहिल्यांदाच आले जत्रेला. ग्रुपवर एवढं चाललं होतं ना, म्हटलं बघू तरी.” मग ती जरा जवळ सरकली. “काकू, तुम्ही गावातल्याच दिसता. ती साड्या विकणारी बाई कोण हो? मी पण ‘नाही’च दाबलं. देवाच्या वस्तूत हात घालायचा म्हणजे काय! अजून असते का ती गावात?”

गोपीनाथ खांबापासून सरळ झाला. तोंड उघडलं त्याने. शकूने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि हलकेच मान हलवली.

“हाय की,” ती दर्शनाला म्हणाली. “यंदा रांगेत उभी हाय.”

“हो?” दर्शना टाचा उंचावून पुढे बघायला लागली. मग वळून मागे बघितलं, थेट रस्त्यापर्यंत. एकेक चेहरा न्याहाळला तिने. तेवढ्यात रांग सरकली. पुढे गटारावरची फरशी हलती होती. दर्शनाने पटकन शकूचा हात धरला. “सांभाळून हं, काकू,” ती म्हणाली, आणि त्या म्हातारीला जपून जपून देवळाकडे घेऊन गेली.

मित्रांनो, मी कुणाला शिकवावं एवढा शहाणा नाही. लाकूड आहे, लिहिलं ते अंगावर घेतलं. पण तुमच्यासमोर कुणाची बातमी आली तर खालच्या ओळीपर्यंत वाचा. खालची ओळ अजून लिहिली नसेल तर ती लिहून होईपर्यंत दम धरा. आणि कुणाच्या नावावर बोट दाबायची वेळ आली, तर आपण दुसऱ्या हाताने तिचाच हात धरून उभे नाही ना, एवढं एकदा वळून बघा.